टाळेबंदी, वार्ता आणि वाद

(आळे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्नर तालुक्यातील आळे हे गाव महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. पहिली म्हणजे रेड्याची समाधी. पैठणच्या शास्त्र्यांसमोर ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडा, भावंडे आळंदीकडे परतत असता, या गावी निवर्तला आणि येथेच त्याला समाधी देण्यात आली, असे परंपरा सांगते. दुसरी गोष्ट म्हणजे आळेफाटा. पुणे-नाशिक रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगर, परभणी, नांदेडकडे जाणारा रस्ता हे दोन राजमार्ग येथे एकमेकांना छेदतात. चमत्कार घडला की नाही हा वाद येथे घालण्याचे कारण नाही. त्या कथेचा आशय मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याला बोलण्याचा अधिकार नाही असे अधिकारी पुरुषांनी ठरवून टाकले होते, तो बोलला, आणि त्याच्या बोलण्याने अधिकाऱ्यांना निरुत्तर व्हावे लागले.

२०२० सालच्या टाळेबंदीचा विचार करावयाचा झाला तर या दोन्ही खुणा उपयोगी पडतात. मुंबई-ठाण्यातून गावाकडे निघालेल्या श्रमिकांची एक वाट या फाट्यावरून जात होती, आणि त्या वाटसरूंना काही विचारण्याचा अधिकार आहे की नाही हाच त्या वर्षीचा खरा राजकीय प्रश्न होता.

प्रथम घटनाक्रम. महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. २२ मार्चला जनता संचारबंदी झाली. २३ मार्चला राज्य सरकारने संचारबंदी जाहीर केली, आणि त्याच दिवशी संसदेचे अधिवेशन तहकूब झाले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी घोषित केली आणि मध्यरात्री ती अमलात आली. सव्वाशे कोटींहून अधिक लोकांच्या देशाला चार तासांचीही सूचना मिळाली नाही. न्यूझीलंडने आपल्या नागरिकांना दोन दिवस आधी कळविले होते आणि दक्षिण आफ्रिकेने तीन दिवस. हे देश लहान आहेत हे खरे, परंतु मोठ्या देशात माणसांना घरी पोहोचावयास अधिक वेळ लागतो, कमी नव्हे.

दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता. या दिवसाचा जुन्नर-आंबेगावात काय अर्थ आहे ते येथील श्रोत्यांना सांगावयास नको. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पुढारी येतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, आणि फडातल्या माणसांच्या पुढच्या वर्षाची भाकरी त्या काही दिवसांत नक्की होते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या या गावात त्या वर्षी राहुट्या सुन्या राहिल्या. चैत्र-वैशाखातील एकही जत्रा भरली नाही. मुंबईचे डबे पोहोचविणारी माणसे पुष्कळशी मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. त्यांची सायकल टाळेबंदीच्या आधीच थांबली होती. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांतही याच तालुक्यांतली माणसे आहेत. शहराला धान्य-भाजी मिळावी म्हणून तो बाजार चालू ठेवला गेला, तेथे संसर्ग फैलावला, आणि ११ ते १७ मे या आठवड्यात तो बंद ठेवावा लागला. जो वर्ग आवश्यक म्हणून कामावर बोलाविला गेला, तोच वर्ग गावी परतला तेव्हा संशयित ठरला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रोग खोटा होता, टाळेबंदी हे निव्वळ कारस्थान होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला समाजवाद्यांनी बसता कामा नये. रोग खरा होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध केला त्यानुसार २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाले. सरकारी हिशेबात २०२१ अखेर कोरोनाचे मृत्यू पाच लाखांच्या आत होते आणि केंद्र सरकारने संघटनेचा अंदाज अमान्य केला. आकड्यांचा वाद चालू राहील. परंतु गंगेच्या काठावरील प्रेते आणि प्राणवायूअभावी तडफडणारी इस्पितळे ज्यांनी २०२१ च्या वसंतात पाहिली, त्यांना रोग थोतांड वाटणे शक्य नाही. तेव्हा वाद टाळेबंदी असावी की नसावी एवढाच नव्हता. ती कशी असावी, तिची किंमत कोणी मोजावी, आणि हे ठरविताना कोणाला विचारावे, हा वाद होता. तोच होऊ दिला गेला नाही.

वाद होण्यासाठी वार्ता लागते. टाळेबंदीत धान्याइतकीच वार्तेची टंचाई झाली. मार्चच्या अखेरीस मुंबई-पुण्यात वृत्तपत्रे घरी येईनाशी झाली. कागदाला रोग चिकटतो या भीतीने विक्रेते, सोसायट्या आणि वाचक सारेच मागे सरले. १८ एप्रिलला राज्य सरकारने वृत्तपत्रे छापण्यास मुभा दिली, पण घरोघर टाकण्यास बंदी घातली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, टीका झाली, आणि काही दिवसांतच मुंबई-पुणे व प्रतिबंधित क्षेत्रे वगळून ही बंदी उठवावी लागली. मुंबईत तर २३ मे रोजी पोलिसांनी असा आदेश काढला की, शासनयंत्रणेविषयी अविश्वास निर्माण करणारे संदेश समाजमाध्यमांतून पाठवू नयेत. केंद्रात एका पक्षाचे सरकार होते आणि राज्यात त्याच्या विरोधकांचे. वार्तेला घाबरण्याच्या बाबतीत दोघांत फारसे अंतर नव्हते, हे नमूद केले पाहिजे.

वृत्तपत्र जेथून हटते तेथे अफवा येऊन बसते. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा तर टाळेबंदीच्या आधीच पसरली आणि पुणे-नगर-नाशिक पट्ट्यातील कुक्कुटपालकांचा माल मातीमोल झाला. मे महिन्यात त्याहून विचित्र प्रकार घडला. या जिल्ह्यांत टोमॅटोच्या फळांवर हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांचे चट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ असे नाव दिले. नमुने बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि प्रामुख्याने कुकुंबर मोझॅक हा वनस्पतींवरचा विषाणू त्यामागे असल्याचे आढळले. वनस्पतीचा हा विषाणू माणसाला होत नाही. परंतु ‘विषाणू’ हा एक शब्द पुरेसा ठरला. टोमॅटोत कोरोनापेक्षा भयंकर विषाणू शिरल्याची आवई वाहिन्यांवरून उठविली गेली. नारायणगावसारख्या टोमॅटोच्या मोठ्या बाजारावर ज्यांचे घर चालते, त्यांचे पीक एकदा रोगाने गेले आणि उरलेले बातमीने गेले. बियाणे कोणाचे होते, रोप कोठून आले, नुकसानभरपाई कोण देणार, हे विचारावयाचे प्रश्न होते. त्यांना वाहिन्यांवर जागा मिळाली नाही.

अफवेने माणसेही मेली. पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे १६ एप्रिलच्या रात्री दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार केले. मुले पळविणाऱ्या चोरांच्या अफवा त्या परिसरात आधीपासून फिरत होत्या. या हत्येलाही धार्मिक रंग देण्याचा प्रयत्न लागलीच झाला. दिल्लीतील तबलिगी मेळाव्याच्या निमित्ताने तर एका संपूर्ण समाजाला रोगाचा वाहक ठरविण्यात आले, आणि भाजी विकणाऱ्या गरीब मुसलमानांना गल्लीत येण्यास मज्जाव होऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचे बकरे बनविले गेल्याचे म्हटले आणि माध्यमांतील प्रचारावर कोरडे ओढले. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

आता सरकारचा युक्तिवाद पाहा. ३१ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारने सांगितले की, श्रमिकांचे लोंढे खोट्या बातम्यांमुळे निघाले आणि आता रस्त्यावर कोणीही चालत नाही. न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि माध्यमांनी घडामोडींबाबत सरकारी खुलासा प्रसिद्ध करावा असे सांगितले. म्हणजे भुकेने माणूस चालू लागला तर दोष बातमीचा. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाजवळ श्रमिकांचा जमाव जमला, लाठ्या चालल्या, आणि रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राच्या आधारे गाड्या सुटण्याची शक्यता सांगणाऱ्या वार्ताहराला अटक झाली. परंतु १४ एप्रिलनंतरच्या प्रवासाची तिकिटे खुद्द रेल्वे विकत होती, याबद्दल कोणालाही अटक झाली नाही. ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली सापडले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या, त्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्या मजुरांना कोणत्या खोट्या बातमीने रस्त्यावर आणले होते? १४ सप्टेंबरला संसद भरली तेव्हा टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले या प्रश्नाला, अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर सरकारने दिले. ज्या मृत्यूची नोंद नाही त्याची भरपाई नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

हा सारा प्रकार पुणे जिल्ह्याला नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला आणि लोक मुंबई सोडून पळू लागले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोल्जरांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. रोग तेव्हाही खरा होता. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. परंतु रोग खरा असल्यामुळे जुलूम खोटा ठरत नाही. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या विनियमाखाली चौकशीवाचून अटकेत ठेवले गेले, आणि ‘केसरी’तील लेखांवरून टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

त्याच वेळची एक घटना कार्यकर्त्यांनी विसरू नये. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप तेथील वृत्तपत्रात केला. स्वदेशी परतल्यावर पुरावा उभा राहीना. पत्रे लिहिणारे पुढे येण्यास धजले नाहीत, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या घटनेचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही घ्यावयास हवेत. पहिला असा की, अन्यायाची बातमीही पुराव्याने सांगावी लागते. एक अप्रमाणित वाक्य दहा प्रमाणित वाक्यांचा घात करते, आणि सत्ताधाऱ्याला सुटकेची वाट मिळते. दुसरा असा की, ज्या राज्यात साक्षीदाराला तुरुंगाची भीती वाटते त्या राज्यात पुरावा मिळत नाही म्हणून आरोप खोटा, असे म्हणण्याचा अधिकार त्या राज्याला उरत नाही. १८९७ चा तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा लागू झाला, आणि त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. कायद्याने अधिकाऱ्याचे अधिकार सांगितले. नागरिकाचे सांगितले नाहीत.

दुसरे मार्ग होते काय? होते. केरळ सरकारने १९ मार्चलाच, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या आधी, २० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पुढे कुटुंबश्रीच्या स्त्रियांनी पंचायतींबरोबर सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली आणि परप्रांतीय मजुरांना ‘अतिथी कामगार’ म्हटले गेले. केवळ नाव बदलल्याने पोट भरत नाही, परंतु ज्याला अतिथी म्हटले त्याला लाठीने हाकलणे सरकारी शिपायालाही जड जाते. ब्रिटनमध्ये हुजूरपक्षाच्या सरकारने कामावर न येऊ शकणाऱ्यांच्या वेतनाचा ८० टक्के भाग ठरावीक मर्यादेपर्यंत खजिन्यातून दिला. भांडवलशाही देशातील उजव्या सरकारला जे करावे लागले, ते करा असे येथे म्हणणाऱ्यास अव्यवहारी ठरविण्यात आले.

परदेशाकडे कशास पाहावयाचे? १९७२ च्या दुष्काळाची आठवण ठेवणारी माणसे अजून या तालुक्यात आहेत. तेव्हा महाराष्ट्र आजच्यापेक्षा गरीब होता. तरी १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. सरकारच्या मनात दयाबुद्धी उपजली म्हणून ती कामे निघाली नव्हती. मोर्चे निघाले, घेराव पडले, विधिमंडळात रणे माजली, वृत्तपत्रांनी खडी फोडणाऱ्या हातांची वर्णने छापली, तेव्हा कामे निघाली. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. वार्ता आणि वाद मोकळे होते म्हणून निर्णय सुधारला, हा त्या दुष्काळाचा धडा आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये रोजगार हमीची कामे जवळजवळ थांबली. त्या योजनेसाठी जादा ४० हजार कोटी रुपयांची घोषणा १७ मे रोजी झाली. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटल्या. पाच किलो मोफत धान्याची योजना लागलीच आली आणि तिने असंख्य घरे तगविली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याच्याकडे शिधापत्रिका नव्हती, किंवा होती ती गावच्या पेटीत होती, त्याच्यापर्यंत ते धान्य पोहोचले नाही. संसद बंद, विधिमंडळ नाममात्र, ग्रामसभा स्थगित. चूक झाली तर ती सांगावयाची कोठे? साडेपाच महिन्यांनी संसद भरली ती प्रश्नोत्तराच्या तासावाचून. त्याच १४ सप्टेंबरला सरकारने कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. आळेफाट्याच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला तेही दुसऱ्याच्या तोंडून कळले. मध्यरात्रीच्या टाळेबंदीत आणि रातोरात झालेल्या निर्यातबंदीत कारभाराची एकच रीत दिसते. निर्णय आधी, खुलासा नंतर, चर्चा कधीच नाही.

परंतु केवळ दिल्ली-मुंबईकडे बोट दाखवून हे भाषण संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्यातील गावोगाव वेशीवर काट्या टाकल्या गेल्या. त्या पोलिसांनी टाकल्या नव्हत्या. ज्या मुलाने मुंबईहून पैसे पाठविले म्हणून घर बांधले गेले, त्याच मुलाला चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवताना गावाने कोठे आपुलकी दाखविली, कोठे दाखविली नाही. बागायतदाराचा मुलगा मोटारीतून आला तो थेट घरी गेला, आणि भूमिहीनाचा मुलगा पायी आला त्याला वेशीबाहेर बसविले, अशी उदाहरणे ज्यांनी पाहिली त्यांनी ती दडवू नयेत. साथीने जातीची उतरंड मोडली नाही, तिला आरोग्याचे कारण मिळवून दिले. पुरोगामी म्हणविणारे कार्यकर्तेही या काट्या टाकणाऱ्यांत होते, आणि आलेला संदेश न वाचता पुढे धाडणाऱ्यांतही होते. हे मान्य केल्यावाचून दुसऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

त्या काळात गावात खरी बातमी कोणी आणली? बहुतेक ठिकाणी आशा कार्यकर्तीने. राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी घरोघर जाऊन ताप मोजला, नोंदी केल्या, भीती घालविली आणि शिव्याही खाल्ल्या. कोरोनाच्या जादा कामाबद्दल केंद्राकडून त्यांना महिन्याला १,००० रुपयांचा भत्ता होता. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा कोठे मानधनात थोडी वाढ झाली. टाळ्या व थाळ्या ज्यांच्यासाठी वाजविल्या गेल्या, त्यांच्या पगारपत्रकाची चौकशी थाळी वाजविणाऱ्यांनी केली नाही.

तेव्हा पुढील कार्याचा विचार असा. साथ पुन्हा येणार नाही असे कोणीही शास्त्रज्ञ सांगत नाही. म्हणून तयारी शांततेच्या काळात झाली पाहिजे. पहिली गोष्ट, १८९७ चा कायदा जाऊन नवा कायदा यावयास हवा. तो अपुरा असल्याचे केंद्रीय विधी आयोगानेही २०२४ मध्ये म्हटले आहे. नव्या कायद्यात संचारबंदीच्या आदेशाबरोबर अन्न, वेतन व प्रवास यांची तजवीज बंधनकारक असावी, ठरावीक मुदतीत तो विधिमंडळासमोर ठेवावा लागावा, आणि आरोग्यसंकटाच्या नावाखाली ग्रामसभा बंद ठेवण्याचा अधिकार कोणासही असू नये. मोकळ्या मैदानात, अंतर राखून, सभा भरू शकते. बाजार भरू शकला तर सभा का नाही?

दुसरी गोष्ट, गावातून बाहेर कामास गेलेल्यांची आणि बाहेरून गावात आलेल्यांची नोंदवही ग्रामपंचायतीने ठेवावी. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारांवर व मालकांवर अशी जबाबदारी टाकली होती. तिची अंमलबजावणी झाली असती तर २०२० मध्ये सरकारला आपल्याच मजुरांची संख्या शोधत बसावे लागले नसते. तिसरी गोष्ट सर्वांत साधी व सर्वांत अवघड. प्रत्येक गावात चावडीपाशी एक फळा असावा. त्यावर रोज आरोग्य केंद्रातून व तहसीलातून पडताळलेली माहिती, ती कोणी दिली त्यासह, लिहावी, आणि त्याखाली गावकऱ्यांचे प्रश्न लिहिण्यास जागा ठेवावी. उत्तर न आलेले प्रश्न पुसू नयेत. आज हे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, एका खडूची आहे.

टाळेबंदीत फाट्यावरून चालत गेलेली माणसे आपापल्या गावी पोहोचली, पुष्कळशी पुन्हा शहरात परतली, आणि त्यांच्याबद्दलची चर्चा थांबली. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना आजवर कोणी विचारले आहे की, त्या दिवसांत तुम्हाला काय कळले होते, कोणी कळविले होते, आणि काय कळावयास हवे होते. आळे, बेल्हे, ओतूर, घोडेगाव या परिसरातील घरोघरी मुंबईहून परतलेले कोणी ना कोणी भेटेल. अभ्यासवर्ग आटोपल्यावर प्रत्येकाने अशा पाच जणांना भेटावे, त्यांचे म्हणणे नावगाव उघड न करता, तारीखवार व पडताळून लिहून काढावे, आणि ते पुढच्या बैठकीत वाचावे. सरकारने जी नोंद ठेवली नाही ती ठेवण्याचे काम येथून सुरू होऊ शकते.